रुमालाखालच्या दोन जत्रा

चाकणच्या बाजारात यशवंतरावांचा हात सगळ्यांना ठाऊक होता. कांद्याचा ढीग समोर आला की ते सदऱ्याची बाही वर सारायचे, हात थेट दंडापर्यंत ढिगात खुपसायचे आणि तळाचा एक कांदा ओढून बाहेर काढायचे. तो दाबायचे, हुंगायचे, आणि ढिगाचं काय करायचं ते तिथल्या तिथं ठरायचं. या हातानं त्यांना आडत दिली, दोन मालमोटारी दिल्या, वर माडीचं घर दिलं. तेव्हा माणसांचीही पारख अशीच होते असं त्यांना वाटायला लागलं तर नवल नव्हतं.

चक्रेश्वर क्रीडा मंडळाचा हुतूतूचा संघ त्यांचाच. बनियन त्यांचे, चड्ड्या त्यांच्या, गड्यांचं दूध त्यांच्या म्हशींचं, आणि बाहेरगावी सामना असला की मोटारही त्यांचीच. पाच वर्षं या संघानं खेडपासून भोसरीपर्यंत सगळ्यांना घाम फोडला होता. मग पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला आणि पहिल्या फळीतले सहा गडी सायकली घेऊन तिकडं भरती झाले. त्यांना कोण काय म्हणणार? शिफ्ट सुटली की ते घरी येऊन झोपायचे. हुतूतूला बोलवायला गेलं तर बायका सांगायच्या, "रातपाळी हाय."

संघ नव्यानं बांधायचा ठरला. यशवंतरावांनी बांधायला माणसं आणली, आणि तळाचा कांदा काढून बघायला सुरुवात केली.

पहिला वस्ताद पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. त्यानं पोरांना भामा नदीपर्यंत पळवून आणलं. पोरं पळायला शिकली, आणि खेडच्या सामन्यात तेवढंच त्यांच्या उपयोगी पडलं. बाविसाव्या दिवशी हवालदाराला नारळ मिळाला. दुसरे पुण्याचे मास्तर. ते फळ्यावर खडूनं मैदान काढून शिकवायचे. दोन महिन्यांत फळा शाळेला परत गेला. तिसरे यशवंतरावांचे सख्खे मेहुणे. त्यांना सामना अर्ध्यावर असताना काढलं, आणि तेव्हापासून यशोदाबाई नवऱ्याला जेवायला वाढताना फक्त भांड्यांकडून बोलायच्या. चौथा वस्ताद शहाणा निघाला. एक सामना हरला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आपणहून गेला.

चौघांनाही यशवंतरावांनी आडतीवर, दहा माणसांदेखत सांगितलं होतं, "वरीसभर तुमाला कुणी बोट लावणार न्हाई."

चौथा गेला त्या सकाळी यशवंतराव गादीवर बसून साऱ्या जगाला नावं ठेवत होते. समोर सोनबा कांदा मापत होता. सोनबा त्यांच्याच आडतीवरचा मापाडी, चाळिशीचा, डाव्या गुडघ्यात कायमचा अधू. तो गुडघा याच संघाच्या डाव्या कोपऱ्यात, भोसरीचा एक अंगानं दुप्पट गडी धरताना गेला होता. गडी मात्र सुटला नव्हता. मापाडी म्हणून सोनबाची एक खोड होती. पारडं झुललं की तो हात मागं घ्यायचा आणि काटा स्वतःहून थांबेपर्यंत थांबायचा. व्यापारी पाय आपटायचे, "अरं आटप की"; सोनबा काट्याकडं बघत राहायचा.

आताही काटा थांबल्यावरच तो बोलला. "मालक, मी बघू का पोरांकडं?"

गादीभोवती बसलेले व्यापारी हसले. चहावाले बबनराव कपबशा गोळा करत होते, ते म्हणाले, "बघ बाबा. नारळाचा भाव सध्या पडलाय."

यशवंतराव हसले नाहीत. "काय मागशील?"

"येळ."

"दिला. वरीसभर तुला कुणी..."

"तसा न्हाई," सोनबा म्हणाला. "तसा तुमी चौघांना दिलाय. मला रुमालाखाली द्या."

आता कुणीच हसलं नाही. त्या काळी बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. आडत्या आणि शेतकरी हातात हात घालायचे, वर रुमाल पडायचा, आणि खाली बोटं धरून आकडा सांगायचा. किती ठरलं ते त्या दोघांना ठाऊक. बोटं सुटली की शब्द पक्का. तो फिरवायचा नाही आणि चौघांत उच्चारायचाही नाही. जो उच्चारेल त्याच्याकडून सौदा मोडला, समोरचा मोकळा. यशवंतराव तोंडानं दिलेला शब्द संध्याकाळपर्यंत विसरत, पण रुमालाखालचा शब्द त्यांनी तीस वर्षांत एकदाही फिरवला नव्हता. ही गोष्ट बाजारात सगळ्यांना माहीत होती. तिचा असा उपयोग करावा हे मात्र सोनबालाच सुचलं.

यशवंतरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला. सोनबानं हात पुढं केला आणि म्हणाला, "जत्रा मोजायच्या, मालक."

महाशिवरात्रीची चक्रेश्वराची जत्रा वर्षातून एकदा, आणि वर्षाचा मोठा सामना तिथलाच. यशवंतरावांनी खाली एक बोट दाबलं. सोनबानं नकाराची मान हलवली. बराच वेळ गेला. मग यशवंतरावांनी दोन बोटं धरली, दाबली आणि सोडली. रुमाल खांद्यावर गेला.

"काय ठरलं?" बबनरावांनी विचारलं.

"कांदा बरा हाय यंदा," यशवंतराव म्हणाले.

सोनबानं संघ उचलला म्हणजे काय केलं, तर पोरांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीची मनगटं पोती शिवायच्या सुतळीनं एकमेकांना बांधली. रोज संध्याकाळी दोन तास. बांधलेल्या हातांनी पुढं जायचं, मागं यायचं, वाकायचं, बसायचं. एकानं घाई केली की दुसऱ्याचं मनगट सोलायचं. चढाई बंद. सरावात, सोनबा सांगेपर्यंत, एकाही पोरानं रेषा ओलांडून समोरच्या पाटीत पाऊल टाकायचं नाही.

सगळ्यात जास्त वैतागला दत्तोबा. बीडकडून आलेला हा हमाल. पाठीवर दोन पोती घेऊन गाणं म्हणेल एवढा त्याचा दम. "सोनबाभाऊ," तो म्हणाला, "मला चढाई येती. ह्या सुतळीनं काय व्हणार?"

"चढाई तुला येती. माघारी आल्यावर उभं कुठं राहायचं ते येत न्हाई."

यशवंतराव रोज मैदानावर वेताची खुर्ची टाकून बसायचे. पहिला आठवडा गप्प. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची रेषेजवळ आली. तिसऱ्यात ते उठून उजव्या कोपऱ्यातल्या पोराचा दंड दाबून बघायला लागले.

"मालक," सोनबा म्हणाला, "ढीग उपसू नका."

"अरं, मी नुसतं बघतोय."

"बघायला डोळं लागत्यात. हात न्हाई."

गावानं हे ऐकलं आणि सोनबाचे दिवस मोजायला घेतले. दिवाळीला मोशीशी सामना झाला, तो गेला. यशवंतरावांनी नुसता रुमाल चाचपला. पुढं महाशिवरात्र आली. चक्रेश्वराच्या माळावर भोसरीशी गाठ पडली आणि भोसरी तीन गुणांनी जिंकली. लोक शिट्ट्या मारत घरी गेले. आदल्या वर्षी याच भोसरीनं संघावर दोनदा लोण चढवला होता, सगळेच्या सगळे बाद. या वर्षी एकदाही नाही, आणि शेवटची दहा मिनिटं तर गड्यांची हातात हात धरलेली साखळी एकदाही तुटली नव्हती. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सोनबाच्या आलं. पण हरलेल्या माणसानं असलं काही सांगितलं की लोक त्याच्याकडं दयेनं बघतात, म्हणून तो गप्प राहिला.

यशवंतरावांनी चहासुद्धा घेतला नाही. त्याच संध्याकाळी त्यांची मोटार पुण्याला गेली, आणि ती कांदे घेऊन गेली नाही हे सगळ्यांनी पाहिलं.

बातमी सोनबाच्या घरी त्याच्या आधी पोचली. गोजाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. "नवा वस्ताद आणायला गेली म्हणं मोटार."

"गेली आसंल."

"तुमाला दोन जत्रा दिल्या होत्या ना?"

सोनबा दचकला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाया कशाला पायजे? त्या दिसापासून जेवताना दोन बोटं मिटून बसताय." तिनं भाकरी उलटली. "मग उद्या आडतीवर जा आन् चौघांत सांगा, म्हणावं मालकानं शब्द फिरवला."

"चौघांत बोललो की सौदा माझ्याकडनं मोडला."

"आन् न बोलता त्यो नवा येऊन बसला म्हंजी?"

"बसू दे. मी सुतळी घेऊन मैदानात जाणार."

"आन् काट्यावरनं काढलं तर?"

सोनबानं ताट पुढं ओढलं. "तर जास्तच येळ मिळंल मैदानाला."

गोजाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि नेहमीपेक्षा मोठी भाकरी ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर अर्धा बाजार जमला होता. काही कामं माणसं वेळेवर करतात, त्यातलं हे एक. सोनबा आला, पोरांना रांगेत उभं केलं आणि सुतळी सोडवायला बसला. तेवढ्यात मोटार येऊन थांबली. पुढच्या बाजूनं यशवंतराव उतरले, आणि त्यांच्या मागून पत्र्याची ट्रंक घेतलेला, मान खांद्यातच रुतलेला एक माणूस.

"सोनबा," यशवंतराव म्हणाले, "हे पुण्याचं वस्ताद."

"राम राम," सोनबा म्हणाला आणि दत्तोबाचं मनगट बांधायला लागला.

गर्दी पुढं सरकली. कुणी म्हणालं, "आता बोलंल." सोनबानं गाठ मारली, ओढून बघितली, पुढच्या जोडीकडं गेला. यशवंतराव उभे. ट्रंकवाले वस्ताद उभे. तिसरी जोडी बांधून झाली तेव्हा यशवंतरावांच्यानं राहवलं नाही. त्यांनी रुमाल काढला आणि म्हणाले, "हात दे."

सोनबानं हात दिला. रुमाल पडला.

वरून लोकांना दिसलं ते एवढंच की रुमाल हलतोय. खाली यशवंतरावांनी सोनबाची दोन बोटं शोधली आणि त्यातलं एक मिटवलं. सोनबानं ते सरळ केलं. यशवंतरावांनी पुन्हा मिटवलं, या वेळी जोर लावून. कांद्याच्या ढिगात तीस वर्षं गेलेला तो हात काही साधा नव्हता. बोट पुन्हा सरळ झालं. मापाड्याचाही हात पारडी उचलून घडलेला होता. यशवंतरावांच्या कपाळावर घाम आला. रुमालाखाली जणू उंदीर सापडला होता, आणि दोघंही समोर बघत उभे होते, जशी काही त्यांची बोटं दुसऱ्याच कुणाची आहेत.

"भाव चढतोय वाटतं," बबनराव हळूच म्हणाले.

तिसऱ्यांदा यशवंतरावांनी बोट मिटवायला घेतलं आणि मध्येच थांबले. सोनबा ओढत नव्हता, ढकलत नव्हता, रागावलाही नव्हता. पारडं झुलताना तो जसा काट्याकडं बघायचा, तसा त्यांच्याकडं बघत होता. थांबेल तेव्हा थांबेल.

रुमालाची हालचाल बंद झाली. यशवंतरावांनी हात काढून घेतला, रुमालाची नीट घडी घातली आणि ट्रंकवाल्याकडं वळले. "पाव्हणं, आज घरी जेवून ऱ्हावा. मोटार सकाळी पुण्याला जाणारच हाय."

गर्दीला काही कळलं नाही. ती थोडी हिरमुसून पांगली. खुर्चीत बसता बसता यशवंतराव सोनबाला खालच्या आवाजात म्हणाले, "सकाळी आडतीवर बोलला का न्हाईस? लोकांनी माझ्याच तोंडात शेण घातलं आसतं."

"बोललो आसतो तर तुमी सुटला आसता, मालक."

यशवंतरावांनी खुर्ची रेषेपासून दोन हात मागं ओढली.

दुसरं वर्ष त्यांना फार जड गेलं. हात शिवशिवायचे. शेवटी सोनबानं सुतळीचा गुंडा त्यांच्याच मांडीवर ठेवला. "लागंल तशी सोडत जावा." दोन्ही हात कामाला लागले आणि मैदान शांत झालं. आषाढात सोनबानं एका जोडीची सुतळी कापली, भाद्रपदात दुसरीची. बांधलेली नसतानाही पोरं एकाच वेळी वाकायला लागली. दसऱ्यानंतर सरावात चढाया सुरू झाल्या. दत्तोबा पहिल्या दिवशी समोरच्या पाटीत तीन गडी बाद करून आला आणि माघारी येताच न सांगता आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. सोनबानं त्याला काही म्हटलं नाही. फक्त त्या दिवशी सुतळी लवकर गुंडाळली.

महाशिवरात्रीला पुन्हा भोसरीच समोर. शेवटच्या मिनिटाला चाकण एका गुणानं पुढं, आणि भोसरीचा सगळ्यात दांडगा गडी चढाईला आला. डाव्या कोपऱ्यातल्या पोरानं त्याचा घोटा धरला. गडी रेषेकडं झेपावला, पोर फरपटत निघालं. पण साखळी एकदमच आत वळली, जणू अजून मनगटांना सुतळी होती. दम तुटला तेव्हा गड्याची बोटं रेषेपासून वीतभर लांब होती.

ढाल आडतीच्या भिंतीवर, काट्याच्या बरोबर वर लागली. यशवंतरावांनी पेढे वाटले. यशोदाबाई भांड्यांऐवजी तोंडानं बोलल्या. सोनबाच्या दोन्ही जत्रा पुऱ्या झाल्या, सौदा संपला. तिसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा मैदानात गेला. खुर्ची होतीच. यशवंतराव थोडा वेळ चुळबुळत बसले, मग उठून रेषेपाशी आले.

"सोनबा, ते डाव्या कोपऱ्यातलं पोरगं... धरतंय चांगलं. पण मला वाटतं, त्याच्या जागी..."

आणि बोलता बोलता त्यांनी बाही वर सारली.

सोनबानं सुतळीचा गुंडा खाली ठेवला, हात धोतराला पुसला आणि पुढं केला.

"मालक," तो म्हणाला, "रुमाल काढा."