तिसरा फ्लास्क

माझ्या हुशारीचा मला गर्व होता, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही आहे. आता मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि वर्गातली पोरं माझ्यासमोर अंदाजपंचे उत्तर द्यायला बिचकतात. पण दापोलीला एम.एस्सी. करताना मी स्वतःच असं एक उत्तर ठोकून दिलं होतं, आणि त्यापायी एका बाईची नोकरी जाणार होती.

माझा विषय यीस्ट. पाव फुगवतं, तेच. बी-वन जीवनसत्त्व आपल्याला आयतं खावं लागतं. यीस्ट ते स्वतः घडवतं. या जीवनसत्त्वाचे दोन भाग असतात. पेशीतल्या साध्यासुध्या रेणूंपासून यीस्ट ते वेगवेगळे तयार करतं आणि शेवटी एकमेकांना जोडतं. त्यातल्या एका भागात गंधक लागतं. ते गंधक एक प्रथिन स्वतःच्याच अंगातून तोडून देतं आणि एकदा दिलं की कायमचं निकामी होतं. एका प्रथिनामागे एकच तुकडा. दुसऱ्या भागाचीही तऱ्हा जवळपास तीच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्क चिडले होते. एवढं मोठं प्रथिन बांधायचं आणि एका तुकड्यासाठी वाया घालवायचं, हा कसला कारभार? पण यीस्टला बी-वन लागतंच इतकं थोडं, की हा खर्च त्याला परवडतो. हे मी परीक्षेत छान लिहिलं होतं. त्याचा अर्थ कळायला वेळ लागला.

माझ्याकडच्या यीस्टमध्ये ते गंधक देणारं प्रथिनच नव्हतं. प्रयोग सोपा होता. एका फ्लास्कमध्ये तयार जीवनसत्त्व घालायचं. दुसऱ्यात फक्त गंधकवाला भाग. उरलेला भाग यीस्ट स्वतः करून घेईल आणि जोडेल. तिसऱ्यात काहीच नाही. पहिले दोन गढूळ व्हायला हवेत, म्हणजे यीस्ट वाढलं. तिसरा मात्र पाण्यासारखा नितळ राहायला हवा. तो नितळ राहिला तरच पहिल्या दोघांना अर्थ.

तिसरा गढूळ झाला. मी पुन्हा केला. पुन्हा गढूळ.

आमच्या प्रयोगशाळेत भांडी धुवायला एक मावशी होत्या. कंत्राटावर, आणि ते कंत्राट दर अकरा महिन्यांनी माझ्या मार्गदर्शक सरांच्या शिफारशीवर वाढायचं. सरांनी मला विचारलं, "काय झालं असेल?" मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "भांडी नीट धुतली जात नाहीत, सर. आधीच्या प्रयोगातलं जीवनसत्त्व काचेला राहतंय." सगळी मुलं तिथे होती. मावशी सिंकपाशी होत्या. मी वळून त्यांच्यावरही ओरडले, "एवढं एक काम धड होत नाही का तुमच्याच्यानं?"

त्यांनी हात पुसले. "तीनदा धुवलीत बाय, मी," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना रोपवाटिकेत पिशव्या भरायला धाडलं, आणि या खेपेला शिफारस करायची नाही, असं सर म्हणाले. मला वाईट वाटलं नाही. उलट, चला, आता प्रयोग सुटेल, असं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

मग मी स्वतः भांडी धुतली. नळाच्या पाण्याने सहा वेळा, डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा. तिसरा फ्लास्क गढूळच.

पुढची खेप लावताना मी ऑटोक्लेव्ह उघडला. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. त्यात फ्लास्क माध्यमासकट, म्हणजे यीस्टच्या खाद्यद्रवासकट, वाफवून निर्जंतुक करतात. फ्लास्कच्या तोंडाला कापडात गुंडाळलेले कापसाचे बोळे असतात. एक बोळा वाफेने ओला झाला होता आणि त्याच्या बुडाशी एक थेंब लोंबत होता. मी तो बोटावर घेतला, तर बोटं एकमेकांना चिकटली. तो चिकटा मी जन्मापासून ओळखत होते. ती पेज होती.

बोळ्यांचं कापड माझं होतं. इतरांच्या बोळ्यांतून कापूस निघायचा, म्हणून मी शहाणपणा करून आईची जुनी सुती साडी कापून नेटके बोळे शिवले होते आणि सगळ्यांना मिरवून दाखवले होते. आमच्या मंडणगडकडच्या घरी सुती साडीला उकड्या तांदळाच्या पेजेची खळ असते. शेतातलं भात टरफलासकट उकडताना त्याच्या कोंड्यातलं बी-वन दाण्यात उतरतं, आणि तिथून पेजेत. वाफ झाली, थेंब पडला, यीस्टची सोय झाली. त्याला लागतं किती थोडं, ते वर सांगितलंच आहे.

खात्री म्हणून मी जीवनसत्त्व न घालता दोन फ्लास्क लावले. दोन्ही फ्लास्क मावशींनी धुऊन ठेवलेल्यांतलेच. एकाला माझा बोळा, दुसऱ्याला नुसती फॉइल. बोळ्याचा गढूळ झाला. फॉइलचा चार दिवसांनीही नितळ होता.

सरांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. ते खूप हसले, शिफारस लिहितो म्हणाले. मी तशीच रोपवाटिकेत गेले. मावशी आंब्याखाली बसून पिशव्यांत माती भरत होत्या. मी म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. सरांना सांगितलंय. माफ करा." मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे गो.

त्यांनी हातातली पिशवी पूर्ण भरली. मग म्हणाल्या, "ओरडलीस ती सगल्या पोरांसमोर. नि माफी मागतेस ती हय झाडाखाली?"

मला राग आला. खरंच आला; एवढी कबुली देऊन वर हे! तणतणत खोलीवर गेले. तिथं पोचेपर्यंत कळलं होतं की बाई एक शब्दही जास्त बोललेली नाही.

शुक्रवारी विभागात माझं व्याख्यान होतं. मी मावशींना बोलावून घेतलं. त्या आत आल्या नाहीत, दाराशी उभ्या राहिल्या. मी ते दोन फ्लास्क टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मावशींनी धुतलेलं काचसामान स्वच्छ होतं. घाण माझ्या बोळ्यात होती. मी न तपासता त्यांच्यावर आळ घेतला, आणि तोही तुम्हा सगळ्यांसमोर." मुलं खाली बघत होती. मावशींनी मान हलवली आणि निघून गेल्या.

सोमवारपासून त्या पुन्हा सिंकपाशी. कंत्राट वाढलं. मी नेहमीसारखी माझी खरकटी भांडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ब्रश उचलून माझ्या हातात दिला.

"तुजी तू धू."

मी धुतली. त्यांनी एक फ्लास्क उजेडाकडे धरला, पाणी काचेवरून कसं ओघळतंय ते निवांत बघितलं आणि परत सिंकमध्ये ठेवला.

"ह्यो परत."