पहाटेचा ब्लोअर

आमच्या ऑफिसची इमारत तळमजला धरून चार मजली होती. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांच्या मानाने नवीच. जाड विटांच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये थंड हवेचा प्लांट. प्लांट म्हणजे फार काही नाही. पंधरा हॉर्सपॉवरचे दोन ब्लोअर, प्रत्येकासमोर वाळ्याची उंच ताटी आणि ताटीवर पाणी सोडणारा पंप. ब्लोअर बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून ओढायचा आणि पत्र्याच्या बोगद्यातून वरच्या मजल्यांवर ढकलायचा. मे महिन्यात बाहेरून आलेला माणूस दारातच थोडा वेळ उभा राहायचा, एवढा फरक पडत असे.

मी तिथे देखभाल शाखेत कारकून होतो. इंजिनिअर नव्हतो, पण आकड्यांची सवय होती. घरच्या मीटरचं वाचन मी दर रविवारी कॅलेंडरवर लिहीत असे. बायको म्हणायची, "माझं वजनही तिथंच लिहून ठेवा." सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वीजकपात वाढली आणि प्रत्येक ऑफिसने विजेचा वापर कमी करून दाखवावा असं परिपत्रक आलं. साहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं. मला आनंद झाला होता, हे लपवत नाही.

पहिले दोन महिने मी जे केलं ते बरोबर केलं. व्हरांड्यातल्या दर दोन ट्यूबलाइटमागे एक काढली. टाकी भरून वाहत असली तरी पाण्याचा पंप चालूच राहायचा; टाकी भरली की तो आपोआप बंद होईल अशी सोय करून घेतली. हवेच्या बोगद्याचे सांधे फाटले होते, त्यांवर पट्ट्या मारून घेतल्या. रोजचा वापर खाली आला. मार्चअखेर साहेब म्हणाले, "आता प्लांट बघा. खरी वीज तिथे जाते."

प्लांट सांभाळणारा ऑपरेटर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होता. कुहीकडचा माणूस. तरुणपणी दीक्षेसाठी गावाहून चालत नागपूरला आला आणि मग इथेच राहिला. शेडला लागून एक खोली होती, तिथे तो आणि त्याची बायको राहत. पहाटे इमारत उघडायची, टाक्या भरायच्या, सहाला झाडूवाल्यांना आत घ्यायचं, म्हणून ती खोली ऑपरेटरच्या ड्युटीला जोडलेली होती. बायकोला दमा होता. मोठं सरकारी हॉस्पिटल तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. त्या हिवाळ्यात तिला तीनदा तिकडे न्यावं लागलं होतं, तिन्ही वेळा पहाटेच. हे मला ठाऊक होतं. सगळ्या ऑफिसलाच ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये मी प्लांटच्या मीटरचं वाचन संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी सगळं बंद होतं, तेव्हा सकाळी तोच आकडा असायला हवा. तो अठ्ठावीस युनिटांनी पुढे गेलेला असे. तीन दिवस तसंच झालं. चौथ्या दिवशी मी साडेपाचला सायकलने गेलो.

एक ब्लोअर चालू होता. पंप बंद, ताटी कोरडी. इमारतीत कोणी नव्हतं आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ऑपरेटर स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होता. त्याची बायको खोलीच्या दारात, नेमकी बोगद्याच्या तोंडाजवळ, पदर सैल करून बसली होती. तिथला एक सांधा पट्टी सुटून पुन्हा उकललेला होता आणि त्यातून हवा तिच्या अंगावर येत होती.

"काहून बाबूजी," तो म्हणाला, "आज इतक्या पहाटे मीटरच्या दर्शनाले?"

"हा कोणासाठी चालू आहे रे?"

"बिल्डिंगसाठी."

"बिल्डिंगला उकडतं का?"

"उकडते ना जी. दिवसभर ऊन खाते, रातभर तापून राहते. वर जाऊन स्लॅबले हात लावून पाहा."

बायको आतल्या आत हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. श्वास शिटीसारखा वाजत होता. "बसा जी, चहा घेता का?" असं तिने दम खात विचारलं.

मी नको म्हणालो. तो माझी थट्टा करतो आहे असं मला वाटलं. उघड्या खिडक्या, रिकामी इमारत आणि हवेत बसलेली बायको. माझ्या मते सगळं स्पष्ट होतं. स्लॅबला हात लावायला मी वर गेलो नाही. तीन मजले चढायला चार मिनिटं लागली असती.

त्या दिवशी मी अहवाल लिहिला. तो अजून पाठ आहे. 'ऑफिस सुरू होण्यापूर्वी पहाटे सुमारे अडीच तास एक ब्लोअर कुटुंबाच्या खाजगी सोयीसाठी चालवला जातो. रोज अठ्ठावीस युनिट वाचू शकतात.' आकडा बरोबर होता.

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "मग पहाटेची ड्युटीच बंद करा. इमारत चौकीदार उघडेल, टाक्याही तोच भरेल. हा साडेनऊला येऊन प्लांट बघेल. आणि पहाटेची ड्युटी नाही तर खोली कशाला? ती मोकळी करून घ्या, स्टेशनरी ठेवायला जागा नाही आपल्याला."

खोलीचा विचार मी केलाच नव्हता. म्हणालो, "साहेब, त्याची बायको आजारी असते."

"तेच तर तुम्ही लिहिलंय," साहेब म्हणाले.

मी फाइल घेऊन बाहेर आलो.

ऑर्डर निघाल्यावर ऑपरेटर माझ्या टेबलाशी आला. आवाज चढवला नाही. "बाबूजी, ड्युटी काढा, माझी ना नाही. खोली तेवढी राहू द्या. तुमच्या कागदानं गेली, तुमच्या कागदानंच येईल. हा एक उन्हाळा जाऊ द्या जी, तिचा दम जरा बसू द्या."

"नियम आहे," मी म्हणालो. "माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातातच होतं ना," तो म्हणाला आणि थोडा वेळ माझ्या हातातल्या पेनाकडे पाहत राहिला.

पंधरा दिवसांत त्यांनी सामान हलवलं. कोराडीच्या बाजूला, रस्त्यापासून आत एका वस्तीत तिचा भाऊ राहत होता. त्याच्याकडे एका खोलीची सोय झाली. तिथून शहराकडे येणारी पहिली बस सकाळी सहाला होती.

मे लागला. मी मीटर पाहिला आणि माझा विश्वास बसेना. रोजचा वापर कमी व्हायच्याऐवजी दहा-बारा युनिटांनी वाढला होता. आधी मीटरवर संशय घेतला, मग उन्हावर. वर्तमानपत्रातलं तापमान लिहून ठेवलं आणि मागच्या वर्षी तेवढंच ऊन असलेले दिवस शोधायला ऑपरेटरच्या जुन्या वह्या काढल्या. मी आजवर त्या वह्यांमधला शेवटचा रकाना तेवढा पाहिला होता. आता सगळे रकाने वाचले. पेन्सिलने, मोठ्या अक्षरात, प्रत्येक उन्हाळी दिवसाला लिहिलेलं होतं: एक नंबर कोरडा, साडेचार ते सात. वरच्या खिडक्या उघड्या. सातला बंद. एक नंबर ओला, साडेदहा. दोन नंबर, दीड.

दोन नंबर दीडला. म्हणजे दुसरा ब्लोअर तो दुपारी दीडपर्यंत लावतच नसे. आता तो साडेदहापासूनच लावावा लागत होता, आणि त्याच्याबरोबर दुसरा पंपही. नाहीतर तिसऱ्या मजल्यावरचे लोक खाली येऊन भांडत. तीन तासांचे ब्लोअरचे आणि पंपाचे मिळून चाळीसच्या आसपास युनिट होत होते. पहाटेचे अठ्ठावीस वाचवून मी चाळीस घालवत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाहेर हवा बरी होती. आत भट्टी. टेबलावर उभा राहून मी छताला तळहात लावला आणि काढून घेतला. बाहेरची गार हवा आत खेळवून हा माणूस रोज ऊन उगवायच्या आत ती उष्णता काढून टाकत होता, आणि सात वाजता खिडक्या लावून गारवा कोंडून ठेवत होता. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने मला सांगितलं होतं.

चौकीदाराला बरोबर घेऊन मी चार दिवस तसंच केलं. दीडपर्यंत दुसरा ब्लोअर लावावा लागला नाही. मी नवा अहवाल लिहिला. ही पद्धत ऑपरेटरची आहे, माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, पहाटेची ड्युटी आणि खोली त्याला परत द्यावी, असं स्पष्ट लिहिलं. साहेब खूश झाले. "उत्तम! वर पाठवू. पण खोलीत आता कागदाची रिमं रचलीत. पावसाळ्यानंतर बघू."

मी रोज विचारत राहिलो. साहेब वैतागून म्हणाले, "तुमचा कोण लागतो तो?" ऑर्डर व्हायला पाच आठवडे लागले.

ऑपरेटर तेव्हा आठ दिवस कामावर नव्हता. घरी अडचण आहे एवढाच निरोप होता. ऑर्डर खिशात घालून मी रविवारी बसने गेलो. तो दारात बसला होता, दाढी वाढलेली. आत भिंतीशी बुद्धाची लहान मूर्ती, शेजारी त्याच्या बायकोचा फोटो आणि समोर मेणबत्ती.

"कधी?" मी विचारलं.

"मागच्या शनिवारी. चार वाजता दम लागला. बस सहाले. साळा ट्रकवाल्याले हात जोडत रस्त्यावर उभा, एक थांबला तवा पावणेसहा झाले होते." त्याने आत मेणबत्तीकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणे, आधी आणली असती तरी सांगता येत नाही. खरं म्हणाला असेल. का मले बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल."

मी त्याला ऑर्डर दिली. "तुम्ही सांगितलं होतं ते खरं होतं. मी तुमचं ऐकलं नाही."

"आता 'तुमी' काहून जी?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. ऑर्डर वाचून त्याने घडी घातली आणि मला परत दिली. "खोली दुसऱ्या कोणाले द्या. मी दिवसाच्या ड्युटीले येईन. पहाटेचं त्याले शिकवून देतो, कठीण नाही. खिडक्या सातच्या आत लावा म्हणा, नाही तर सारं फुकट जाते."

मी उठलो, तेव्हा त्याने विचारलं, "त्या पहिल्या कागदात तिच्यावर लिहिलं होतं ना? खाजगी सोय म्हणून?"

"तिचं नाव नव्हतं. कुटुंब असं लिहिलं होतं."

"कुटुंब म्हणजे तीच ना बाबूजी. मले पोरंबाळं कुठं आहेत? ते खोडलं का?"

मी खोडलं नव्हतं. ते मला सुचलंही नव्हतं. आणि सर्व्हिस फाइलमधला कागद खोडता येत नाही. त्याच्यावर दुसरा लावता येतो. तो कामावर रुजू झाला त्या सकाळी मी तसा कागद तयार ठेवला. ब्लोअर ऑफिसच्या कामासाठीच चालवला जात होता, कुटुंबाने त्याचा कोणताही गैरफायदा घेतलेला नाही, आधीची नोंद माझ्या चुकीमुळे झाली. खाली माझी सही.

त्याने मला तो मोठ्याने वाचायला लावला. मग पुन्हा एकदा, सावकाश. "कुटुंबाने" या शब्दाशी त्याने मला थांबवलं, त्यावर बोट ठेवून तो स्वतः वाचला आणि मान हलवली.

"ठीक आहे," तो म्हणाला. साडेदहा होत आले होते. तो प्लांट सुरू करायला शेडकडे गेला.