अश्रू येईपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा स्वतःला पारखी म्हणवून घेतो. पारख कसली, तर मिक्सर, इस्त्र्या आणि पंख्यांची. कंपन्या वस्तू पाठवतात आणि हा मागच्या खोलीत दिवे लावून मोबाईलसमोर त्यांच्याबद्दल बडबडतो. सुरुवातीला निदान खरं तरी बोलायचा. इस्त्री उशिरा तापते, वायर आखूड आहे, असलं काहीतरी. पण ते ऐकायला कुत्रं थांबत नव्हतं. मग कुठल्याशा ऑनलाइन शिकवणीत त्याला साक्षात्कार झाला, की लोकांना माहिती नको असते, भावना हवी असते. तेव्हापासून साधा पंखा फिरला तरी हा छातीवर हात ठेवून डोळे विस्फारू लागला.

एकदा त्याच्याकडे कानाचं मशीन आलं आणि घरात आपले बहिरे वडील आहेत, याची त्याला आठवण झाली. त्यांचे कान छापखान्यात मशीनपाशी उभं राहून राहून गेले होते. एरवी हा त्यांच्याशी धड बोलतही नसे.

त्या दिवशी मी तिथेच होतो. त्याने वडिलांना नवा शर्ट घालून खुर्चीत बसवलं, मशीन कानात घातलं आणि बायकोला हाक मारायला सांगितलं. "बाबा," ती म्हणाली. ते दचकले, सुनेकडे बघून हसले, मग मान वर करून म्हणाले, "हा पंखा एवढा करकरतो होय?"

बहिणीचे डोळे भरून आले. पण पारख्याला पाणी हवं होतं ते बापाच्या डोळ्यांत. त्याने मशीन काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा हाक मारायला लावली. बाबांना आता आवाजाचं नवल उरलं नव्हतं. शेवटी पठ्ठ्याने बोटावर बाम घेऊन त्यांच्या डोळ्यांखाली चोळला. मी त्याचा हात धरला, तर मलाच शहाणपण शिकवू लागला.

"दादा, यातलं तुम्हाला कळत नाही. रडणं असलं की लोक शेवटपर्यंत बघतात."

बाबा मुकाट्याने रडले. डोळे चुरचुरत होते, दुसरं करणार काय?

व्हिडिओ धो धो चालला. अनोळखी लोक बापलेकाच्या प्रेमाचे गोडवे गाऊ लागले. आणि या पितृभक्ताने मशीन पुसून, खोक्यात भरून कंपनीला परत पाठवलं. बोली तशीच होती म्हणे. बाबा सकाळी उशीखाली चाचपत होते. ते मशीन आपल्यालाच मिळालंय, असं त्यांना वाटलं होतं. बहिणीने खुणा करून सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त नवा शर्ट काढून ठेवला.

बहीण नवऱ्याशी भांडली नाही. सासऱ्यांना घेऊन सरळ दवाखान्यात गेली, कान तपासून घेतले आणि त्यांना नीट बसेल असं मशीन घेऊन आली. मग नवऱ्याला एवढंच म्हणाली, "बाबांच्या खोलीत मोबाईल आणायचा नाही."

त्याने निमूटपणे मान डोलावली. आठवड्याच्या आतच त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून तो मोबाईलला सांगत होता, की बाबांसाठी आपण नवीन मशीन घेतलंय आणि त्यांच्या आनंदापुढे आपल्याला जगात काही नको. गळाही दाटून आणला होता. बाबा आतून सगळं ऐकत होते. ते उठले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

तेवढा भाग त्याने कापून टाकला.