प्रश्नावली आणि हिरवं पेन

कपाट आवरताना सेमिनारची जुनी फाईल हाती आली. रेक्झिनचा तो उग्र वास नाकात गेला आणि रावेतच्या कॉलेजातली पंधरा वर्षांपूर्वीची शोधनिबंध-लेखनाची कार्यशाळा आठवली.

विषय होता, कामगार वस्तीतल्या मुली शाळा का सोडतात. ती वस्ती, काळेवाडी, रिक्षाने जाण्याइतकी जवळ, पण आम्ही विद्वान मंडळी तिकडे फिरकलोही नव्हतो. पालकांनी भरायच्या प्रश्नावल्या एसीत बसून आम्हीच भरत होतो. मार्गदर्शक सर टेबलाटेबलाशी जाऊन बजावत होते, "पेनं बदलत राहा, अक्षर एकसारखं दिसायला नको." एवढीच काय ती आमची संशोधनपद्धती!

चहा देणाऱ्या मावशींनी वाकून पाहिलं. "काय लिवताय मॅडम?"

मी विषय सांगितला.

"मग मला इचारा की! माझीच लेक बसलीय घरी. शाळंच्या संडासाला कडी न्हाई, कशी जाईल पोरगी?"

सर म्हणाले, "मावशी, त्या टेबलावर बिस्किटं द्या." सगळे हसले. मीही.

त्याच निबंधाच्या जोरावर आज मी प्राध्यापक म्हणून मिरवते.

त्या दिवशी मावशींचा चहा माझ्या डाव्या हातात होता. उजव्या हाताने मी हिरवं पेन उचललं आणि शाळा सोडण्याच्या कारणांत एका चौकटीत खूण केली: पालकांची अनास्था.