तुरीने भरलेली ओटी

तुमच्या ताटातल्या भाकरीचे बी कोणाच्या मुठीतून मातीत पडले, हे तुम्ही कधी विचारले आहे का?

नागपुरात शेतीचे संग्रहालय उभे राहत आहे. मांडणी ठरवणाऱ्या समितीत मी एकटीच बाई. आराखड्यात तिफण होती, बैलजोडी होती, धोतरातला शेतकरी होता. तिफणीमागे चालणारी बाई मात्र कुठेच नव्हती. मी भांडले. "वस्तू आणा, मग जागा देऊ," अध्यक्ष म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी भिवापूरची एस.टी. धरली.

उमरेडनंतर दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी राने लागली. भिवापुरात उतरले तोच मिरचीचा खकाणा नाकात गेला. अंगणाअंगणात लाल वाळवण. शिंकतच मी पार्वताबाईंच्या दारात पोहोचले. त्या माझ्या मैत्रिणीच्या मावशी. आधी भाकर आणि झुणका वाढला, मग विचारले, "इतक्या उन्हाची काहून आली वं?"

संग्रहालयासाठी मी त्यांचे सरते (तिफणीमागे ओढायची, बी सोडायची बांबूची नळी) मागितले.

"अन् मिरगात मी काहानं पेरू? का मलेच बसवता काचीत?"

"न्या, बाई. घरात जरा शांती राहीन," त्यांचे यजमान ओसरीवरून म्हणाले.

"तुमी चूप बसा जी!"

सरते मिळाले नाही. पण त्यांनी पेरणीची ओटी काढली. जुन्या लुगड्याची, पेरताना बी घ्यायला कमरेला बांधून झिजलेली. तिच्यात त्या तूर भरू लागल्या. नुसतीच द्या, म्हटले, तर त्यांचा चेहरा बदलला.

"रिकामी ओटी घराबाहेर नाई जात, पोरी. अन् नाव लिवजो माहं. शेतकऱ्याची बायको, असं नोको लिवू."

मी शब्द दिला. परतताना ओटी मांडीवर होती. तिचे वजन मला नागपूरपर्यंत जाणवत राहिले.

अध्यक्षांनी ती बोटाने दाबून पाहिली. "धान्य काढा, कीड लागेल."

"कडुनिंबाचा पाला घालू. दरवर्षी बी बदलू."

"रिकामी असेल तरच आत जाईल. आणि नावाची पाटी नको."

मी ओटी उचलून घरी आणली. पार्वताबाईंना मी शब्द दिला आहे, आणि तिकडे तो शेतकरी काचेआड एकटा उभा आहे. बाईच्या कष्टाला बाहेर ठेवणारे संग्रहालय शेतीचे कसे म्हणायचे?

उद्घाटन अजून व्हायचे आहे. एका ओटीला ते नाही म्हणू शकले. म्हणून मागते: तुमच्या घरात पेरणीची ओटी असेल तर तिच्यात मूठभर बी भरा, पेरणारीचे पूर्ण नाव कापडावर शिवा आणि समितीच्या दारात नेऊन ठेवा. शक्य असेल तर तिलाच सोबत न्या.