जरा हात फिरवा

आमच्या भावाला अख्खी गल्ली 'हनुवटी' म्हणते. नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलं. फोटोला बसलेल्या माणसाला तो पहिलं वाक्य हेच म्हणणार, "हनुवटी जरा खाली." मग "खांदे सैल." मग "श्वास घ्या," आणि माणूस तो सोडायच्या आत बटण दाबून मोकळा. मी त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यावर इथेच आले आणि स्टुडिओच्या काउंटरवर बसले. पासपोर्ट फोटो कापायचे, पाकिटात घालायचे, गिऱ्हाइकाशी भांडायची वेळ आली तर भांडायचं. शेवटचं काम मला विशेष जमतं.

आमच्या दुकानातून माणूस जसा आला तसा कधीच बाहेर गेला नाही, जरा बरा होऊनच गेला. फोटो काढून झाला की गिऱ्हाईक हळूच म्हणायचं, "जरा हात फिरवा." म्हणजे डोळ्याखालचं काळं काढा, गालावरचा व्रण पुसा, टक्कल जरा झाका. पूर्वी भाऊ हे निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं करायचा, नंतर कॉम्प्युटरवर. त्याचा हात असा, की खुद्द माणसालाही कळू नये कुठे फिरला ते. एका बाईनं स्वतःचा फोटो बघून विचारलं होतं, "माझी धाकटी बहीण कधी येऊन गेली?"

आणि स्टुडिओचा जीव म्हणजे माझी भावजय. आरशाजवळ कंगवा-पावडर घेऊन उभी राहायची आणि रडकं मूलसुद्धा हसवून आत पाठवायची. दिसायला देखणी, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. बडबड इतकी, की मी म्हणायचे, "अगं बाई, मध्ये श्वास घे, नाहीतर हनुवटी खाली करायला लावेल तो." मग लोकांच्या हातात फोन आले, जो तो स्वतःच फोटोग्राफर झाला, आणि आम्ही दुकानात माशा मारत बसलो. त्यातच एके दिवशी ती आरशासमोर उभी असताना तिच्या हातातून कंगवा पडला. तो उचलायला वाकली ती वर आलीच नाही.

जीव वाचला. पण उजवा हात गेला, तोंड उजवीकडे खाली ओघळलं आणि जीभ जड झाली. शब्द डोक्यात असायचा, ओठांपर्यंत येता येता कुठेतरी सांडायचा. ती घरातही तोंडावर रुमाल धरून बसायला लागली. आमचं घर वर, स्टुडिओ खाली; दुकानात उतरणारा जिना तिनं बंदच केला, इस्पितळात जायचं तरी मागच्या जिन्यानं. फक्त एका ठिकाणी रुमाल खाली यायचा, ते म्हणजे इस्पितळातला व्यायामाचा हॉल. तिथं सगळेच तिच्यासारखे, कुणाचा हात वाकडा, कुणाचं तोंड. कोण कुणाला हसणार? तिथल्या शिकवणाऱ्या बाई तिच्याकडून जबडा हलवून घ्यायच्या, अक्षरं म्हणून घ्यायच्या. हळूहळू एकेक शब्द परत येत होता. मला 'वन्सं' म्हणाली त्या दिवशी मी तिथेच हंबरडा फोडला आणि बाईंनी मलाच पाणी दिलं.

याच सुमाराला माझ्या भाचीनं, त्यांच्या लेकीनं, फोनवर एक खूळ काढलं. ती लांब राहते. फोटोंचा साठा करणाऱ्या एजन्सी असतात म्हणे. आपण फोटो पाठवायचे, त्यांनी तपासायचे, पसंत पडले तर ठेवून घ्यायचे. मग जाहिरातवाले, छापखानेवाले तिथून हवा तो उचलतात. भावाच्या अंगात वारं शिरलं. त्यानं एक सफरचंद आणलं, दिवसभर त्याचे फोटो काढले आणि मग त्यावर इतका हात फिरवला की ते प्लॅस्टिकचं वाटायला लागलं. उत्तर आलं, असे फोटो आमच्याकडे भरपूर आहेत.

"मग भोपळा पाठव," मी म्हटलं, "नाहीतरी भोपळाच मिळतोय."

त्याला हसू आलं नाही. त्यानं समोरचा म्हातारा शिंपी मशीनवर बसवला आणि त्याच्या सगळ्या सुरकुत्या पुसून त्याला नवरदेव केला. उत्तर आलं, त्वचा कृत्रिम वाटते. मग जिना, खिडकी, कात्री, पावसाळी छत्री, जे दिसेल ते पाठवलं. सगळं परत. आजवर त्याला कुणी 'तुझा फोटो वाईट आहे' असं म्हटलं नव्हतं, आणि आता न दिसणारा कुणी परका माणूस रोज उठून तेच म्हणत होता. पोराचं अन्नावरचं लक्ष उडालं. पोर कसला, केस पिकलेत, पण मला पोरच.

भाची म्हणाली, "बाबा, त्यांना खरी माणसं हवीत. गुळगुळीत नकोत."

तेव्हा त्याची नजर बायकोकडे गेली. सकाळी ती खिडकीशी बसून डाव्या हातानं केस विंचरायची, बटणं लावायची, कपातलं निम्मं सांडत चहा प्यायची. उजेड असा सुरेख पडायचा की मलाही दिसत होतं, हा फोटो आहे. ती आधी मानेनंच नाही म्हणाली. तो तिच्या पायाशी बसला. "अगं, इथं कोण बघणार आहे? जातील कुठेतरी सातासमुद्रापलीकडे. एकदा घेऊ देत त्यांना माझे फोटो. एकदाच."

तिनं रुमाल खाली केला, बोटानं ओठाचा ओघळलेला कोपरा वर उचलून दाखवला आणि म्हणाली, "हात... फिर... वा."

"हे सांगायला हवं का? फिरवतो की!"

त्या एजन्सीला ज्याचा फोटो आहे त्याची ना हरकत म्हणून सही लागते. कागद मी धरला, तिनं डाव्या हातानं तिरकीतारकी सही केली. एवढी एकच अट होती तिची.

त्यानं शब्द पाळला. निदान आधी पाळला. कॉम्प्युटरवर तिच्या ओठांचा कोपरा त्यानं असा वर घेतला की माझ्या डोळ्यांना धार लागली. आजारापूर्वीची ती जशीच्या तशी समोर होती. ते फोटो गेले आणि तसेच परत आले. चेहऱ्यात फार फेरफार आहेत म्हणे.

आणि मग त्यानं मूळचे फोटो पाठवले. हात न फिरवलेले. हे आम्हा दोघींना नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, कारण हे सांगताना अजूनही माझं डोकं तापतं. तो वाईट माणूस नाही. तिला न्हाऊ घालायचा, तिचं तोंड पुसायचा, कधी कपाळावर आठी नाही. पण त्या 'पसंत' शब्दानं त्याला आंधळं केलं.

उत्तर आलं तेव्हा तो एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून जिना चढला. "घेतले! अक्का, सगळेच्या सगळे घेतले!" भाचीला फोन झाला, शिंप्याला हाक झाली, आमच्या हनुवटीला आभाळ ठेंगणं झालं. भावजय म्हणाली, "दा...खवा." त्यानं दाखवले. कुठले? तर तोंड सरळ केलेले! ती एकेक फोटो निरखत राहिली. मग रुमाल मांडीवर ठेवून हसली. आमच्यासमोर, घरात, आजारानंतर पहिल्यांदा. "छान," म्हणाली. तेव्हा तरी सांगायचं होतं मेल्यानं! पण तिचं ते हसू बघून याची जीभ टाळ्याला चिकटली.

पुढे काही आठवडे बरे गेले. ती जिन्याच्या अर्ध्यापर्यंत उतरून खाली दुकानात डोकावायला लागली होती.

मग एका सकाळी आम्ही तिघं नेहमीसारखे व्यायामाच्या हॉलमध्ये गेलो. भिंतीवर नवं पोस्टर लागलं होतं, दारापासून खिडकीपर्यंत. वर ठळक अक्षरं, 'तोंड वाकडं झालंय? वेळ घालवू नका.' खाली माझी भावजय. हातात कप, हनुवटीवर चहाचा ओघळ, आणि ओघळलेल्या ओठाकडे रोखलेला लालभडक बाण.

शिकवणाऱ्या बाई आनंदानं पुढे आल्या. त्या बिचारीला काय ठाऊक! "काकू, मी कालच ओळखलं तुम्हाला! सगळ्या इस्पितळांत लागलंय हे. आपल्यासारख्या चेहऱ्याचा फोटो मिळतच नव्हता म्हणे त्यांना. सगळे आपले परदेशी." काठीवाले एक गृहस्थ पोस्टरकडे बघून तिच्याकडे बघत होते. मग त्यांच्या शेजारचेही बघायला लागले. तिथं कुणी हसलं नाही, हे खरं. पण बघितलं सगळ्यांनी.

तिनं फोटो पूर्ण बघितला, बाणासकट. मग नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "हात नाही फिरवला."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "वा काकू! सलग तीन शब्द! एकही अडखळला नाही!"

भाऊ खाली बघत होता. तिनं रुमाल काढून तोंडावर धरला आणि दाराकडे चालायला लागली. तिची चालायची काठी खुर्चीलाच राहिली, ती घेऊन मी मागे धावले.

घरी आल्यावर मी त्याला सोडलं नाही. जे तोंडाला आलं ते बोलले, शिंप्यानं मशीन थांबवून ऐकलं. मग त्यानं एजन्सीला लिहिलं, फोटो काढून टाका. त्यांनी काढलेही. पण ज्यांनी आधीच घेतलेत त्यांच्याकडून परत घेता येत नाहीत, असं नम्रपणे कळवलं. शेवटी लिहिलं होतं की या बाईंचे फोटो फार पसंत पडलेत, आणखी असतील तर जरूर पाठवावेत. ते वाचून तो कॅमेऱ्याची बॅग घेऊन खाली गेला आणि रिकाम्याच हातानं वर आला. कॅमेरा कुणाला दिला, मी विचारलं नाही.

व्यायाम बंद झाला. त्या हॉलमध्ये ती पुन्हा जायला तयार नाही, आणि गावात दुसरा हॉल नाही. बाईंनी दिलेली अक्षरं मीच घरी म्हणून घेते, जमेल तसं. तिला न्हाऊ मी घालते, तोंड मी पुसते. भाऊ वर आला की ती पाठ करून बसते. त्याचं ताट त्यानं वाढून घ्यायचं, आणि त्यानं जेवून खाली जाईपर्यंत खोलीत आवाज फक्त वाटी-चमच्याचा.

जाताना तो दारात थांबतो आणि मला हळूच विचारतो, "अक्का, आज काही बोलली का गं?"

मला खोटं बोलता येत नाही. "बोलते रे," मी म्हणते. "तू खाली गेलास की बोलते."