कळशीतला बाळकृष्ण

माझ्या भक्तीबद्दल सांगायचं तर एवढंच, की आईचा बाळकृष्ण देवघरात असायचा आणि मी त्याच्यासमोरून कामावर जायचो. वेळ असला तर मान लववायची, नसला तर तीही नाही. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही डोंबिवलीला चाळीत राहत होतो आणि मी ठाण्याला एका कारखान्यात कारकून होतो. देव आहे की नाही, यापेक्षा साहेब जागेवर आहेत की नाहीत, हा प्रश्न मला जास्त छळायचा.

तो वैशाखातला आठवडा अगदी साधा सुरू झाला. मला नको त्या जागी गळू झालं होतं. बसता येईना, म्हणून कचेरीत मी उभ्यानेच लिहीत होतो आणि माझी कामावरची निष्ठा पाहून साहेब थक्क झाले होते. घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, विहिरीच्या पाण्याला वास येतोय. माझंही दोन दिवस अंग मोडून आलंय." गळू ठणकत होतं. मी म्हणालो, "तुझं माहेर शहाडचं, नदीकाठचं. आमची विहीर तुला कशी चालणार? उद्या उल्हास नदीच इकडे वळवून घेऊ!" शेजारचे हसले, म्हणून मला आणखी चेव आला. नदीला कुठल्या गल्लीतून आणायचं हेही मी सांगितलं. ती आत गेली आणि तिने अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी तिला सणसणून ताप भरला. रागाचा असेल, उतरेल, असं मला वाटलं. तो चढतच गेला. डॉक्टर आले, नाडी धरून बराच वेळ बसले आणि बाहेर येऊन हळूच म्हणाले, "विषमज्वर आहे. आता काही सांगता येत नाही. पाणी मात्र पाजत राहा. थोडं थोडं, पण सतत." मी रजा घेतली आणि चमच्याचमच्याने पाणी पाजू लागलो. ती माझ्याकडे पाहायची, पण ओळखायची नाही. अबोला तिचा आहे की तापाचा, हे मला कळेना. शेवटचं बोलणं ते नदीचं झालं होतं, आणि तेच शेवटचं ठरणार की काय, हा विचार चमच्याचमच्याला यायचा.

आईने मग देवघरातून बाळकृष्ण उचलला. आमच्याकडची रीत अशी, की घरावर संकट आलं की देव पाण्यात घालायचा आणि ते टळेपर्यंत बाहेर काढायचा नाही. घंगाळ कपाळावरच्या पट्ट्यांसाठी लागत होतं, म्हणून आईने तो अंगठ्याएवढा रांगता बाळकृष्ण तांब्याच्या कळशीत सोडला. त्याला म्हणाली, "माझी सून भाजतेय आणि तू कोरडा बसून राहतोस होय रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली, "अरे, देवाचं पाणी बदलून आण." मी कळशी उचलून विहिरीवर गेलो. जागरणाने डोळे मिटत होते. आता कोणाही शहाण्या माणसाने देव ओंजळीत घेतला असता, पाणी ओतलं असतं आणि ताजं भरलं असतं. माझ्या हातांना मात्र कळशी दिसली की दोर बांधायचा, एवढंच माहीत. मी फास अडकवला, कळशी आत सोडली, नेहमीचा हिसका देऊन ती पाण्यात आडवी केली आणि भरलेली वर ओढली. आत पाहिलं. पाणी होतं. नुसतं पाणी.

मी कठड्याला धरून मटकन खाली बसलो. गळवाचीसुद्धा आठवण राहिली नाही. आई धावत आली. मी भरल्या कळशीकडे बोट दाखवलं. तिने वाकून कळशीत हात घातला आणि तळ चाचपून पाहिला.

तेवढ्यात कलिंगडांची पाटी घेऊन एक माणूस चाळीत शिरला. काळाभोर, दणकट, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. ठाण्याच्या खाडीकडचा ख्रिस्ती शेतकरी असावा. "काय झायला, आये?" त्याने विचारलं. आई म्हणाली, "माझा देव पडला रे विहिरीत." त्याने पाटी उतरवली. "मंग काडू की! रडतेस कशाला?"

लंगोट कसून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि विहिरीच्या दगडांच्या खाचांत पाय रोवत तो उतरला. एकदा बुडी मारली, काही नाही. दुसऱ्यांदा तो इतका वेळ खाली राहिला, की मी दोर आत सोडायला उचलला. मग डोकं वर आलं. चढायला दोन्ही हात लागणार होते. तो कठड्याशी पोचला तेव्हा आमचा बाळकृष्ण त्याच्या ओठांत होता.

सगळी चाळ आईकडे पाहू लागली. माझी आई म्हणजे कडक सोवळ्याची. माझी सावली पडली तरी पुन्हा आंघोळ करणारी. ती पुढे झाली, पदर पसरला आणि त्या माणसाने मान वाकवून देव अलगद पदरात सोडला. मी भीत भीत विचारलं, "पंचामृत करू का गं, शुद्धीला?" ती म्हणाली, "कशाला? मांजर पिल्लाला तोंडातच धरून आणतं. त्याला कोणी विटाळ म्हणतं का?"

अंग पुसताना तो माणूस म्हणाला, "आये, ह्या पानी पिऊ नका. खाली भिंतीला भोक परलंय, काला पानी गलतंय आत." चाळीच्या मोरीचं पाणी होतं ते. आणि मी बायकोला तेच पाजत होतो, थोडं थोडं, पण सतत. मी धावत घरात गेलो आणि उशाजवळचं भांडं मोरीत उपडं केलं. परत येईतो तो माणूस निघून गेला होता. कठड्यावर एक कलिंगड ठेवलेलं होतं.

पुढे आम्ही लांबच्या विहिरीचं पाणी आणून उकळून पाजलं. ताप रेंगाळला, पण उतरला. त्या दिवशी मी चमचा पुढे केला तेव्हा तिने मला ओळखलं. एक घोट घेऊन हलकेच म्हणाली, "नदी आली वाटतं." मी चमचा ठेवून लहान पोरासारखा रडलो.

कोणी म्हणेल, योगायोग. मी वाद घालत नाही. देव बुडवला मीच, तोही झोपेत, एवढं मला माहीत आहे. पण विष जिथे गळत होतं तिथवर तो अंगठ्याएवढा देव आमच्याआधी जाऊन आला. अजून बाळकृष्ण हातात घेतला की आईने सांगितलेलं मांजर आठवतं. त्याने उचललं की पिल्लाला कुठेच घट्ट धरावं लागत नाही. ते नुसतं लोंबतं. त्या आठवड्यात मीही तेवढंच केलं, आणि ते पुरलं.